मेलबॉक्सचा लॉक कोणाकडे? अडकलेल्या मेलचा एक आढावा

शिरूर तालुक्यात रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर आणि तिकडे दौंड तालुक्यात कुरकुंभ. या औद्योगिक पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांचे मेल केव्हाच क्लाउडवर गेले. त्यांना सुटे भाग, पॅकिंग किंवा रसायने पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत, तालुक्याच्या गावातल्या संस्थांत आणि कर सल्लागारांच्या कार्यालयांत मात्र अजूनही टेबलाखाली ठेवलेला एखादा जुना लिनक्स सर्व्हर मेल सांभाळताना दिसतो. खरेदीची ऑर्डर, ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती, माल नाकारल्याची सूचना, टेंडरची शेवटची तारीख असे सगळे त्यातूनच येते. म्हणून तिथून येणाऱ्या तीन तक्रारी हलक्यात घेण्यासारख्या नाहीत. ‘मेल पाठवला म्हणतात, पण आलाच नाही.’ ‘कालचे सगळे मेल आज एकदम आले.’ ‘मेलबॉक्स दुसरीकडे वापरात आहे असे दाखवतोय.’

या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी बऱ्याचदा त्यांचे मूळ एकच निघते, ते म्हणजे मेलबॉक्सच्या फाइलवरचा लॉक. या प्रश्नावर चाळीसेक वर्षे काम झाले आहे, चांगली उत्तरेही सापडली आहेत. तरी तो लहान कार्यालयांत पुन्हा पुन्हा उभा राहतो, कारण ही उत्तरे प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापल्या घरापुरती दिली आणि एकाच मेलबॉक्सला हात लावणाऱ्या सगळ्यांचे एकमत घडवण्याचे काम सर्व्हर सांभाळणाऱ्यावर सोडले. ते काम नेमके काय आहे, हे सांगणे हा या आढाव्याचा हेतू.

एकच फाइल, अनेक हात

एमबॉक्स ही युनिक्सच्या सुरुवातीच्या काळातली रचना. एका व्यक्तीचे सारे मेल एकाच लांबलचक मजकूर फाइलमध्ये, एकाखाली एक. ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणारी ओळ म्हणजे नव्या मेलची सुरुवात. या रचनेची अधिकृत व्याख्या कधी झालीच नाही. 2005 साली आरएफसी 4155 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने तिची नोंद केली, तीही प्रचलित प्रकारांत फरक आहेत हे मान्य करून.

नवा मेल आला की तो फाइलच्या शेवटी जोडायचा, एवढे सोपे असते तोवर काही बिघडत नाही. अडचण मेल काढून टाकताना येते. मधला एक मेल खोडायचा तर त्याच्या पुढचे सगळे वर सरकवून फाइल पुन्हा लिहावी लागते आणि शेवटी तिची लांबी कापावी लागते. नेमक्या त्याच क्षणी मेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमने शेवटी नवा मेल जोडला, तर तो कापला जातो किंवा अर्धवट उरतो. सीमेची ओळ तुटली तर एका मेलच्या पोटात दुसरा जाऊन बसतो. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला ‘मेल स्वीकारला’ असे उत्तर आधीच गेलेले असते. त्यामुळे कोणालाही एररचा संदेश मिळत नाही आणि ऑर्डर मात्र गायब होते.

हे टाळण्यासाठी लिहिण्यापूर्वी फाइल आपल्यापुरती अडवायची, काम झाले की सोडायची. त्यासाठी तीन मुख्य पद्धती रूढ झाल्या.

पहिली डॉटलॉक. मेलबॉक्सच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘.लॉक’ जोडलेली एक छोटी फाइल तयार करायची. ती आधीच असेल तर थांबायचे. ही पद्धत कोणत्याही भाषेत, साध्या शेल स्क्रिप्टमध्येही करता येते, हे तिचे बळ. प्रोग्रॅम मध्येच मेला तर फाइल तशीच मागे राहते, ही तिची मोठी उणीव.

दुसरी एफसीएनटीएल. इथे लॉकची नोंद ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल ठेवतो, त्यामुळे प्रोग्रॅम संपला की लॉक आपोआप सुटतो. तिच्यात एक खोच आहे. एकाच प्रोग्रॅमने ती फाइल दोनदा उघडली आणि त्यातली एक प्रत बंद केली, तरी त्याचे त्या फाइलवरचे सगळे लॉक सुटतात. हा दोष टाळणारा नवा प्रकार लिनक्समध्ये 2014 साली, 3.15 या आवृत्तीत आला.

तिसरी एफलॉक, बर्कलेच्या 1983 सालच्या 4.2 बीएसडीमधून आलेली. हिचीही नोंद कर्नलकडेच असते, पण वेगळ्या खात्यात. लिनक्सवर स्थानिक डिस्कवरच्या एकाच फाइलवर एकाने एफलॉक आणि दुसऱ्याने एफसीएनटीएल घेतला, तर दोघांनाही वाटते की फाइल आपल्याच ताब्यात आहे. दोघेही लिहितात.

लॉक कोणालाच अडवत नाही

इथे या प्रश्नाचा गाभा येतो. दौंड जंक्शनची माहिती असलेल्या वाचकाला ‘लाइन क्लिअर’ सांगायला नको. एकेरी मार्गावर ती मिळाल्याशिवाय गाडी पुढच्या ब्लॉकमध्ये सोडत नाहीत, आणि काटे व सिग्नल इंटरलॉकिंगने असे बांधलेले असतात की चुकीचा सिग्नल देऊ म्हटले तरी यंत्रणा देऊ देत नाही. मेलबॉक्सच्या लॉकला असे इंटरलॉकिंग नाही. वरचे तिन्ही लॉक सूचनेपुरते असतात. जो प्रोग्रॅम लॉक आहे का हे विचारतो तोच थांबतो, जो विचारत नाही तो खुशाल लिहितो. लिनक्समध्ये सक्तीच्या लॉकची एक सोय होती, पण ती भरवशाची ठरली नाही आणि 2021 साली 5.15 या आवृत्तीत काढून टाकण्यात आली.

म्हणून ‘आमच्याकडे लॉकिंग चालू आहे’ या वाक्याला स्वतंत्र अर्थ नाही. मेल पोहोचवणारा, मेल वाचायला देणारा, गाळणी लावणारा आणि रात्री बॅकअप घेणारा असे सगळे प्रोग्रॅम एकाच प्रकारचा लॉक एकाच क्रमाने घेतात का, हा खरा प्रश्न आहे. पुढचे काही बिघाड या एका प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असल्यामुळे होतात.

बिघाड कुठे होतात

क्रम उलटा असणे हा पहिला बिघाड. मेल पोहोचवणारा पोस्टफिक्स हा प्रोग्रॅम सर्वसाधारण लिनक्स मांडणीत आधी एफसीएनटीएल आणि मग डॉटलॉक घेतो. मेल वाचायला देणाऱ्या डव्हकॉटची मूळ मांडणी लिहिताना आधी डॉटलॉक, मग एफसीएनटीएल अशी राहिली आहे. एकाने पहिला लॉक धरला, दुसऱ्याने दुसरा, आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत बसले, अशी कोंडी यातून होऊ शकते. दोघांनाही वेळेची मर्यादा असल्याने ती कायमची टिकत नाही, पण मेल खोळंबून खोळंबून येतात. डेबियनच्या धोरणात यावर स्पष्ट नियम आहे: आधी एफसीएनटीएल, मग डॉटलॉक. एका प्रणालीवर सगळ्यांनी हाच क्रम धरला की प्रश्न मिटतो. त्यासाठी डव्हकॉटच्या मांडणीतली एक ओळ बदलावी लागते, एवढेच.

दुसरा बिघाड परवानगीचा. डॉटलॉकची फाइल तयार करायची तर मेलच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी लागते. ते फोल्डर सहसा ‘मेल’ या गटाच्या मालकीचे असते आणि वाचायला देणारा प्रोग्रॅम त्या गटात नसेल तर लॉक घेता येत नाही. अशा वेळी वैतागून अख्खे फोल्डर सर्वांना खुले करण्याचा मोह होतो. तसे केले तर सर्व्हरवरचा कोणताही वापरकर्ता दुसऱ्याच्या नावाची लॉक फाइल तयार करून त्याचे मेल अडवू शकतो. योग्य उपाय म्हणजे डव्हकॉटला त्या गटाचा विशेष अधिकार देणारी मांडणी लिहिणे.

तिसरा बिघाड मागे राहिलेल्या लॉकचा. आपल्याकडे तो जास्त दिसतो, कारण लाइट जाते. सर्व्हर बंद पडल्यावर कर्नलमधले लॉक पुसले जातात, डॉटलॉकची फाइल मात्र डिस्कवर राहते. त्यामुळे ‘एकदा रीस्टार्ट करून बघा’ हा आवडता उपाय इथे निरुपयोगी ठरतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी याचा विचार केला आहे. पोस्टफिक्स 500 सेकंदांपेक्षा जुनी लॉक फाइल टाकून देतो. मेल पोहोचवणाऱ्या इतर प्रोग्रॅमांपैकी एक्झिम मूळ मांडणीत 30 मिनिटे थांबतो, तर प्रोकमेल 1024 सेकंद.

कुरकुंभच्या एका लहान कारखान्यात मात्र हा हिशेब चालला नाही. वीज दिवसभर बंद होती आणि यूपीएसची बॅटरी संपून सर्व्हर अचानक पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू झाले, सगळ्यांचे मेल येऊ लागले, फक्त हिशेब विभागाचे येईनात. लॉगमध्ये त्या एका पत्त्यापुढे ‘डिफर्ड’ आणि ‘लॉक फाइल तयार करता येत नाही, ती आधीच आहे’ अशा अर्थाची ओळ दर खेपेला उमटत होती. मेलच्या फोल्डरमध्ये पाहिले तर लॉक फाइल होती आणि तिच्यावर आदल्या दिवसाची तारीख. म्हणजे ती कधीच ‘जुनी’ ठरून जायला हवी होती. मग सर्व्हरचे घड्याळ पाहिले, तर ते कित्येक वर्षे मागे गेले होते. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता आणि मशीन चालू होताना इंटरनेटची लाइनही बंद असल्याने वेळ दुरुस्त झाली नव्हती. प्रोग्रॅमच्या हिशेबाने ती लॉक फाइल भविष्यातली होती, आणि भविष्यातली फाइल कितीही थांबले तरी जुनी होत नाही. सेल बदलला, वेळ लावली आणि अडकलेले मेल मिनिटांत उतरले. लॉकच्या तक्रारीत घड्याळ तपासणे हे पहिल्या पाच मिनिटांतले काम का आहे, ते यावरून लक्षात यावे.

चौथा बिघाड सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याच्या पॉप3 या पद्धतीचा. 1996 सालच्या आरएफसी 1939 नुसार पॉप सर्व्हर वापरकर्त्याने लॉगिन केले की त्याच्या मेलबॉक्सवर एकट्याचा ताबा देतो. वापरकर्ता गप्प बसला तर सर्व्हरने किमान 10 मिनिटे तरी वाट पाहायची, असेही त्यात म्हटले आहे. आता मालकाच्या मोबाइलवर आणि कार्यालयातल्या संगणकावर एकच खाते पॉपने जोडलेले आहे असे समजा. मालक गाडीत आहेत, मोठी अटॅचमेंट उतरत असताना नेटवर्क गेले. सर्व्हरच्या दृष्टीने ते अजून आतच आहेत. कार्यालयातल्या संगणकाला तोवर ‘मेलबॉक्स वापरात’ हे उत्तर मिळत राहते. दोष कोणाचाच नाही, पद्धतच एका वेळी एका माणसासाठी बनलेली आहे. दोन उपकरणे असतील तिथे, एका वेळी अनेकांना मेलबॉक्स उघडू देणारी आयमॅप पद्धत वापरणे हाच उपाय.

पाचवा बिघाड नेटवर्कवरच्या डिस्कचा, म्हणजे एनएफएसचा. लहान कार्यालयात एक सर्व्हर मेल घेतो आणि फाइली दुसऱ्याच स्टोरेजवर असतात, असे कधी कधी दिसते. एनएफएसच्या जुन्या आवृत्त्यांत ‘नसेल तरच फाइल तयार कर’ ही आज्ञाच एकसंधपणे पाळली जात नव्हती. म्हणून डॉटलॉकसाठी आधी वेगळ्या नावाची फाइल करून तिची लिंक जोडण्याची वाट काढावी लागे. लॉकची देवाणघेवाण करणारी सेवा स्वतंत्र होती. ती फायरवॉलमध्ये अडकली की लॉक मागणारा प्रोग्रॅम लटकून राही. आवृत्ती 4 मध्ये लॉकिंग मुख्य नियमावलीतच आले आणि हे दुखणे बरेच कमी झाले. तरी लिनक्सवर एनएफएसमध्ये एफलॉकचे रूपांतर आतल्या आत एफसीएनटीएलमध्ये होते, म्हणजे स्थानिक डिस्कवर एकमेकांना न दिसणारे लॉक इथे एकमेकांना आडवे येतात. शिवाय दोन मशिनांची घड्याळे जुळत नसतील तर चालू लॉक जुना समजून फेकला जातो. मेलबॉक्स स्थानिक डिस्कवर ठेवता येत असेल तर तो तिथेच ठेवावा.

याचाच भाऊ म्हणजे आउटलुकची पीएसटी फाइल. ती सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी उघडण्याची सवय अनेक कार्यालयांत आहे. ही फाइल एका वेळी एकानेच वापरायची असते आणि नेटवर्कवरून तसा वापर करायला मायक्रोसॉफ्टने पाठिंबा दिलेला नाही. थंडरबर्डमध्येही मूळ मांडणी एमबॉक्सचीच आहे. त्यामुळे अँटिव्हायरसने एका संशयास्पद मेलपायी अख्खी इनबॉक्स फाइल धरून ठेवल्याचे प्रकार होतात. त्या फोल्डरला तपासणीतून वगळावे आणि येणारे मेल सर्व्हरवरच तपासावेत.

तपास कसा करावा

सर्वात आधी एक दिलासा. लॉक मिळाला नाही म्हणून मेल लगेच हरवत नाही. पोस्टफिक्स मूळ मांडणीत एकेक सेकंदाने 20 वेळा लॉक मागतो. तो मिळाला नाही तर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. मेल परत पाठवण्याआधी तो 5 दिवस थांबतो. म्हणजे तपासाला वेळ आहे, घाईने काही खोडण्याची गरज नाही.

मग लॉग वाचावा. ‘परवानगी नाही’ असे असेल तर गट आणि फोल्डर पाहावे. ‘रिसोर्स सध्या उपलब्ध नाही’ असे असेल तर कोणीतरी लॉक धरून बसले आहे. ‘फाइल आधीच आहे’ असे असेल तर डॉटलॉक. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

कोण धरून बसले आहे हे कर्नलला विचारता येते. प्रोक फोल्डरमधल्या लॉक्स नावाच्या यादीत किंवा एलएसलॉक्स या आज्ञेत लॉकचा प्रकार आणि धरणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक दिसतो. यादीत ‘पॉझिक्स’ लिहिले असेल तर तो एफसीएनटीएल. एकाच मेलबॉक्सवर एका ठिकाणी ‘पॉझिक्स’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘एफलॉक’ दिसले, की दोन प्रोग्रॅमचे एकमत नाही हे तिथेच सिद्ध होते. डॉटलॉक या यादीत येत नाही, तो फोल्डरमध्ये डोळ्यांनीच शोधावा लागतो. कोणता प्रोग्रॅम मेलबॉक्स उघडून बसला आहे ते एलएसओएफ सांगतो. प्रोकमेल कोणते लॉक घेतो हे त्याच्या आवृत्तीची माहिती मागितली की तो स्वतःच छापतो.

डॉटलॉक हाताने खोडण्यापूर्वी तो धरणारा प्रोग्रॅम खरोखर संपला आहे ना, हे पाहणे अत्यंत आवश्यक आहे. एखादा वापरकर्ता काहीशे एमबीचा मेलबॉक्स साफ करत असेल आणि फाइल पुन्हा लिहिली जात असेल, तर लॉक खोडणे म्हणजे ज्या नुकसानीपासून तो वाचवत होता ती नुकसानी स्वतःच्या हाताने करणे.

मेलडिरने काय बदलले

या सगळ्यावर वेगळ्या दिशेने उत्तर दिले डॅनियल बर्नस्टीन यांनी, क्यूमेल या आपल्या सॉफ्टवेअरसाठी आखलेल्या मेलडिरमधून. प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल आणि तीन फोल्डर. मेल आधी ‘टेम्प’मध्ये पूर्ण लिहायचा आणि मगच ‘न्यू’मध्ये हलवायचा. वाचणाऱ्याने पाहिला की तो ‘कर’मध्ये जातो. फाइलच्या नावात वेळ, प्रोसेस क्रमांक आणि मशीनचे नाव असल्याने दोन नावे टकरत नाहीत. अर्धवट मेल कोणाला दिसतच नाही. लाइट गेली तर फार तर ‘टेम्प’मध्ये एक अपुरी फाइल उरते आणि रांगेतला तो मेल पुन्हा पोहोचवला जातो.

मेल पोहोचवण्यापुरती लॉकची गरजच उरली नाही, हे या रचनेचे मोठे यश. मात्र तिचीही किंमत आहे. हजारो लहान फाइलींमुळे बॅकअपला वेळ लागतो. आयमॅपसाठी प्रत्येक मेलला कायमचा क्रमांक लागतो आणि त्या क्रमांकांची यादी, तसेच अनुक्रमणिका सांभाळताना डव्हकॉट मेलडिरमध्येही लॉक घेतोच. म्हणजे लॉक पूर्णपणे गेला नाही. तो मजकुरावरून सूचीवर सरकला. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सूची बिघडली तर ती मेलवरून पुन्हा तयार करता येते. मेल बिघडला तर तो कशावरूनही पुन्हा तयार होत नाही. डव्हकॉटने पुढे आणलेल्या डीबॉक्स प्रकारात वेग आणखी वाढतो, पण त्यातल्या एमडीबॉक्समध्ये अनेक मेल एकेका फाइलमध्ये भरलेले असतात आणि सगळा कारभार डव्हकॉटमार्फतच करावा लागतो. लहान कार्यालयात, उद्या सर्व्हर दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर, साध्या फाइली असलेला मेलडिर अधिक भरवशाचा.

निष्कर्ष

शिरूर किंवा दौंडमधल्या दहा-वीस खात्यांच्या कार्यालयाने आज काय करावे, याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. येणारे मेल स्थानिक डिस्कवर मेलडिरमध्ये घ्यावेत. मेल पोहोचवण्याचे काम डव्हकॉटच्याच डिलिव्हरी प्रोग्रॅमकडे द्यावे, म्हणजे लिहिणारा आणि वाचायला देणारा एकाच घरातला होतो आणि मतभेदाला जागा उरत नाही. पॉपऐवजी आयमॅप. मदरबोर्डचा सेल आणि यूपीएसची बॅटरी यांची दरवर्षी तपासणी. वेळ जुळवणारी सेवा कायम चालू. जुने एमबॉक्स ठेवायचेच असतील तर ते फक्त वाचण्याच्या संग्रहासाठी.

एमबॉक्स बदलणे शक्य नसेल तिथे एका कागदावर चार रकाने आखावेत: मेलबॉक्सला हात लावणारा प्रोग्रॅम, तो घेतो ते लॉक, त्यांचा क्रम आणि जुना लॉक टाकून देण्याची त्याची वेळ. बॅकअपची स्क्रिप्ट आणि कोणीतरी कधीकाळी लिहिलेली क्रॉनमधली ओळसुद्धा त्या यादीत आली पाहिजे, कारण लॉक न विचारता लिहिणारा बहुधा तिथेच सापडतो. यादीत दोन ओळी जुळत नसतील तर बिघाड अजून झाला नसला तरी ठरलेला आहे, आणि तो ऑर्डर अडकण्याआधी दुरुस्त करता येतो. सर्व्हर सांभाळणारा माणूस बदलला, कंत्राट दुसऱ्याकडे गेले, तरी ही यादी कार्यालयाकडे राहिली पाहिजे. नवा माणूस येईल तेव्हा पासवर्डच्या जोडीने तीही त्याच्या हातात द्यावी.